रुंद सायलेन्सर आणि चर्चचा चढ

ताविता,

आईला इस्पितळात ठेवून घेतलंय. धाप लागली होती, आता बरी आहे. तिचे कपडे न्यायला आले होते, परत बसने चाललेय. तुझ्या गाडीला मी हात लावणार नाही.

चर्चच्या चढावर वळणाशी थांबावं लागलं आणि पुन्हा निघताना गाडी बंद पडली. मागे आई आणि फेतू मावशी. तो रुंद सायलेन्सर बसवल्यापासून इंजिन किंचाळेपर्यंत रेटलं तरच जोर येतो, हळू चालवली की जीवच नसतो तिच्यात. तू म्हणालास, "ताई, ताकद वाढते." वाढत असेल सपाट हायवेवर! आपण वेलिंग्टनच्या डोंगरावर राहतो, गाढवा. तीनदा बंद पडल्यावर आई म्हणाली, "मी उतरते, तेवढीच हलकी होईल," आणि माझं न ऐकता चढ चढली.

उद्या तिला घरी आणायचंय. त्याआधी गॅरेजमागे पडलेला सायलेन्सरचा जुना पाइप परत बसव. कोकोभात गरम करून खा.

मला रडू फुटत होतं आणि आई नर्सला कौतुकाने सांगत होती, "माझ्या लेकाने गाडीचा आवाज कसा सिंहासारखा केलाय!"

सेफिना