तू विचारलंस म्हणून, घरच्या कॉम्प्युटरबद्दल

मंगळवार, १४ ऑक्टोबर

चि. सोन्यास,

आईचे भरभरून आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. तूही वेळेवर जेवत असशील असं मी धरून चालते, विचारलं तरी खरं सांगणार नाहीसच.

फोनवर तू सारखा विचारतोस, तू बसवून दिलेली ही नवीन लिनक्स सिस्टिम कशी वाटते. फोनवर मला बोलता येत नाही, बाबा शेजारीच बसलेले असतात. तुझ्या त्या कॉम्प्युटरवाल्यांच्या मंडळात तुझं भाषण आहे, ‘लिनक्स घरच्या साध्या माणसांना झेपेल का’, आणि आम्ही दोघं तुझी साधी माणसं. तर ऐक.

झेपतं. पूर्वी कॉम्प्युटर चालू करून मी कपडे वाळत घालून यायची तरी तो आपला गरगरतच असायचा. आता खुर्ची ओढेपर्यंत तयार. फुकट ते पौष्टिक म्हणतात, तरी सुरुवातीला मी भीतभीतच हात लावला. मेल जातं, बातम्या दिसतात, विजेचं बिल भरता येतं. पत्त्यांचा डाव पूर्वीसारखाच आहे आणि बाबा पूर्वीसारखेच हरतात. बारीकसारीक काही करायचं म्हटलं की पासवर्ड मागतो, आपल्याच घरात शिरताना आपणच नाव सांगायचं, त्याचा राग येतो. प्रिंटर आठवडाभर रुसला होता, तू तिकडून समजूत काढलीस तेव्हा चालला.

एक मात्र भाषणात नक्की सांग. अडलं तर विचारायचं कोणाला? तुम्हा लोकांना इंटरनेटवर हजार माणसं उत्तर देतात. आम्हाला कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला. मी कॉम्प्युटर उचलून त्याच्याकडे गेले होते. तो म्हणाला, “काकू, ह्यातलं मला फारसं कळत नाही. पण एकदा सगळं पुसून वर नवीन भरलंय ना, मग खालचं काही हाती लागेल असं वाटत नाही. उगाच आशा लावून ठेवू नका.”

त्याच्याकडे का गेले होते, ते अगदी शेवटी लिहायचं मनात होतं. आत्ताच लिहिते, नाहीतर पुन्हा राहून जाईल.

बाबांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा हॉस्पिटलमधल्या बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी सुचवलं होतं की आवाज आहे तोवर भरून ठेवा. कॉम्प्युटरसमोर बसून वाक्यं वाचायची. पुढे त्यातून असं काही तयार करता येतं, की माणूस टाइप करेल आणि मशीन त्याच्याच आवाजात बोलेल. बाबा रोज सकाळी दार लावून वाचायचे. घसा दुखायचा, गरम पाणी घ्यायचे, पुन्हा वाचायचे. जन्मभर पीटीचे मास्तर, मैदानावर कधी शिट्टी वापरली नाही, आणि इथे ‘आज हवा छान आहे’ असलं काहीतरी शहाण्या मुलासारखं वाचत बसायचे. मला हसू यायचं. तुला कळू द्यायचं नाही अशी सक्त ताकीद होती. म्हणाले, “तयार झालं की मीच त्याला फोन करीन. दचकला पाहिजे.”

ते सगळं ह्याच कॉम्प्युटरमध्ये, जुन्या सिस्टिमवर होतं. ज्या प्रोग्रामवर भरलं, त्यानं ते स्वतःच्याच पोटात कुठेतरी ठेवलं होतं. बाई रजेवरून आल्या की त्यांच्याकडे नेऊन द्यायचं, एवढंच राहिलं होतं.

तू आलास, फोटो काढून घेतलेस, कागदपत्रं घेतलीस, सगळं नीट केलंस. मग विचारलंस, “बाबा, अजून काही ठेवायचंय का? पुसू ना?” मी दारातच उभी होते, हातात तुमचा चहा होता. तुला मी दोष देत नाही. आपल्या घरात बाबांना एखादी गोष्ट मंजूर नसली की ती गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायची. त्या आवाजाची तुला जन्मापासून सवय. तू क्षणभर थांबलास, कोणी ओरडलं नाही, तू बटण दाबलंस. ते खिडकीतली पाटी घ्यायला वळले होते. ऑपरेशनपासून तोवर त्यांचं सगळं बोलणं पाटीवरच होतं, आणि लिहायला त्यांना वेळ लागतो रे.

मला तरी कुठे कळलं होतं, ते त्यातच आहे म्हणून? मी समजत होते, बाबांनी कुठेतरी उतरवून ठेवलं असेल. त्यांनी पाटीवर ‘आवाज’ एवढं लिहिलं, मान वर केली, आणि पडद्यावर ती पट्टी पुढे सरकताना पाहिली. तू इतका खूश होतास. “बघा आता कसा पळतो,” म्हणालास. त्यांनी तळहातानं पाटी पुसली आणि तुझ्या पाठीवर थोपटलं.

मी ते पाहिलं हे त्यांना माहीत नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं तर लिहिलं, ‘असू दे. पोराला सांगू नकोस.’ त्यानंतर तो विषय नाही. तू बसवून दिलेल्या त्या यंत्राच्या आवाजात ते बोलतात. मराठी कळतं त्याला, पण कोणीतरी परका माणूस घरात शिरून मला ‘चहा झाला का’ विचारतोय असं वाटतं. मी उत्तर देते. काय करणार.

तुला सांगून काय मिळवलं, मलाही कळत नाही. तुझी झोप मात्र उडवली. पण तू आता दहा घरी जाऊन हेच करणार आहेस, आणि मला एकटीला हे पोटात ठेवणं जमेना. लोकांना लिनक्स खुशाल दे. फक्त पुसण्याआधी घरातल्या सगळ्यांना विचार, आणि उत्तर येईपर्यंत हात मांडीवर ठेव.

तुझ्या फोनमध्ये त्यांचं काही आहे का, बघ. फोनवर निरोप ठेवायला ते नाहीच म्हणायचे, त्यामुळे माझ्याकडे एक शब्द नाही. एखाद्या लग्नाच्या व्हिडिओत मागून कोणावर तरी ओरडत असतील, तेवढंही चालेल. परवा भाजी निवडताना ते मला हाक कशी मारायचे ते आठवून पाहिलं. शब्द आठवले, आवाज येईना.

उत्तर पत्रानंच दे, मेल ते उघडतात. आणि फोन केलास की नेहमीसारखाच बोल, बाबांना काही कळू देऊ नकोस.

तुझ्यावर जराही न रागावलेली,
आई