बाबांची शेवटची घोडी

टर्नबो रँच, नेवाडा
११ मार्च १९६८

प्रिय वेल्मा,
सप्रेम नमस्कार. बाळाला मामाकडून एक पापा.

बाबांना मूठमाती देऊन तू बॉइझीला परत गेलीस आणि घर खायला उठलं. बाबांची हॅट अजून खुंटीवरच आहे, ती काढायला हात होत नाही. सकाळी दोन कप कॉफी ओततो आणि एक परत किटलीत ओततो. शेजारी अजून बीन्सची भांडी आणून ठेवताहेत. एवढे बीन्स मी जन्मात खाल्ले नसतील. तू इथे असतीस तर अर्धे तुझ्या गळ्यात मारले असते.

खरं तर एक वाईट गोष्ट कळवायची आहे. बाबांच्या टॅन्सीला मी विकायचं ठरवलंय. मी तीनदा तिच्यावर बसायला गेलो. खोगीर घालेपर्यंत गाईसारखी गरीब, आणि रिकिबीत पाय टाकला की पिसाळल्यासारखी उधळते. तिसऱ्या वेळी माझ्या दोन बरगड्या गेल्या. शेजारचा म्हातारा मिल्ट येऊन बघून गेला. तो म्हणाला की ही घोडी मुळातच बिघडलेली आहे, कुणाचा तरी जीव घेईल. घोड्यांचा व्यापारी पुढच्या आठवड्यात येईल. तो असल्या घोड्यांना कुठे नेतो ते तुला ठाऊक आहे.

वेल्मा, पन्नास वर्षं बाबांनी घोडे शिकवले. बाकीचे आठवड्यात घोडा वठणीवर आणायचे आणि बाबा एकेका घोड्याला पाच पाच वर्षं द्यायचे. पहिली दोन वर्षं तर त्याच्या तोंडात लगामाचं लोखंड घालायचे नाहीत, नुसत्या नाकावरच्या दोरीवर शिकवायचे. लोक म्हणायचे की रॉस्कोला घोडा द्या आणि विसरून जा. पण त्यांच्या हातचा एकही घोडा कधी कुणावर उलटला नाही. आणि शेवटचा असा निघावा? वर दोन वर्षं मला तिच्या जवळ फिरकू दिलं नाही. विलोच्या झाडांमागे एकटेच घेऊन जायचे. मी इतका आडदांड वाटत होतो का त्यांना? हे मनातून जात नाही.

बाळाला जप. मला विसरू नकोस.
तुझा,
ड्वेन

बॉइझी, आयडाहो
१६ मार्च १९६८

प्रिय ड्वेन,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आत्ता हातात पडलं. घोडी विकू नकोस! तिकडे तुझ्या गावातल्या दुकानात फोन केला होता. दुकानदार म्हणाला की ओढ्याला पूर आलाय, रँचकडे कुणी जाणारं भेटलं तर निरोप देतो. त्याच्यावर माझा भरवसा नाही, म्हणून हे लिहितेय.

टॅन्सी बिघडलेली नाही. तिच्यावर उजव्या बाजूने बस.

हो, उजव्या. साऱ्या जगाचे घोडे डावीकडून चढू देतात, हे तू मला सांगू नकोस, मीही त्याच घरात वाढलेय. तीन वर्षांपूर्वी तो तांबडा घोडा पाय घसरून बाबांच्या अंगावर पडला ना, तेव्हापासून त्यांचा डावा गुडघा वाकतच नव्हता. रिकिबीत तो पाय टाकणार कसा? म्हणून त्यांनी टॅन्सीला पहिल्या दिवसापासून उजवीकडून शिकवलं. तिच्या डाव्या रिकिबीत जन्मात कुणाचा पाय पडलेला नाही. तू टाकलास, ती घाबरली. तिची काय चूक?

मागच्या उन्हाळ्यात मी विलोंमागे चुकून गेले आणि पाहिलं. बाबा लहान पोरासारखे लाजले. माझ्याकडून वचन घेतलं की ड्वेनला सांगायचं नाही. मी विचारलं, का बरं? म्हणाले की ड्वेन हसेल. बाबांचा गुडघा गेला त्याच वर्षी वासरांना डाग द्यायच्या वेळी बिचारा मिल्ट कुंपणावरून घोड्यावर चढला, तेव्हा तू सगळ्यांसमोर ओरडला होतास की म्हातारबांना शिडी आणा रे. सगळे हसले. बाबाही हसले. त्यांच्या मनात काय होतं ते तुला मला काय कळणार?

तुझ्यावर राग नाही रे माझा. तू तोंडाचा फटकळ आहेस, मनाचा नाहीस, हे बाबांनाही ठाऊक होतं. वचन दिलं म्हणून मी गप्प बसले. अंत्यसंस्काराच्या दिवशीच सांगायला हवं होतं, पण माझ्या डोक्यात घोडी आलीच नाही.

बरगड्या बांधून ठेव. लगेच उत्तर पाठव.
तुझी,
वेल्मा

टर्नबो रँच
२७ मार्च १९६८

प्रिय वेल्मा,
नमस्कार.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. व्यापारी गुरुवारीच टॅन्सीला घेऊन गेला होता. दुकानदाराचा निरोप अजूनही आलेला नाही.

पत्र वाचलं आणि तसाच ट्रक काढला. ओढ्यात अडकलो, बाहेर निघालो, एकशेवीस मैल गेलो. जनावरांच्या बाजारात पोचेपर्यंत दुपार झाली होती. तिथल्या माणसाने सांगितलं की ती घोडी सकाळच्याच कत्तलखान्याच्या गाडीत चढवली. त्या गाडीतलं कुणी परत येत नाही. मी तरी पुढच्या गावापर्यंत गेलो. मग पेट्रोल संपलं.

बाबा मला आडदांड समजत नव्हते. मला घाबरत होते. ज्या माणसाने मला चौथ्या वर्षी खोगिरावर बसवलं, तो माझ्या हसण्याला घाबरून झाडांमागे लपत होता. हे कुणाला सांगू? मी मिल्टकडे जाऊन माफी मागितली. त्याला तो प्रसंग आठवतसुद्धा नव्हता. म्हणाला की अरे, मीसुद्धा हसलोच होतो.

आणखी एक सांगतो, एकट्याने सोसवत नाही. बाजारातला माणूस म्हणाला की घोडी विचित्र होती. गाडीत चढवायला जो कुणी जवळ जाई, त्याच्यासमोर ती गर्रकन वळून उजवी कूस पुढे करून स्तब्ध उभी राही. त्यांना वाटलं की अडेलपणा करतेय, म्हणून त्यांनी फटके मारले. फटका बसला की ती पुन्हा वळायची आणि तशीच उभी राहायची. वेल्मा, ती त्या सगळ्यांना चढू देत होती.

होईल तेव्हा ये.
तुझा,
ड्वेन