कारध्याचं पाणी

सर, काल पुन्हा माझा सत्कार झाला. शाल, नारळ, सगळं साग्रसंगीत. एक पोरगेलासा प्राध्यापक माईकवर सांगत होता की कॉम्प्युटरवर रेणूंचं गणित मांडणाऱ्यांत माझ्याइतका नेमका माणूस देशात नाही. नेमका! अंगावरच्या शालीची नाही, शालीखालच्या माणसाची किळस आली.

भंडाऱ्याच्या कॉलेजातली आपली लॅब आठवते. वैनगंगेच्या पाण्याचा जडपणा मोजायचा होता आणि मी तीन रीडिंग घरूनच लिहून आणली होती, तिन्ही सारखी. तुम्ही जर्नल बघता, मग नदीचं पाणी आणायची माझी कोरडी बाटली बघता. "काहून रे, नदी चालत आली का तुह्या घरी?" पोरं खिदळतात. तुम्ही पान टरकन फाडता. "जाय, पुलापल्याड कारध्याच्या घाटावरून पानी आन. बनवलेला आकडा मले दाखवू नको, ओकारी येते मले." तासाभराने मी ओल्या तोंडाने, धापा टाकत परतलो. मोजायला बसलो, तर रीडिंग एकमेकांशी जुळेनात. तुम्ही मात्र केवढे खूश! "वाकडंतिकडं आलं ना? मंग हे खरं आहे." आणि स्वतःचं लॉगटेबल मला देऊन टाकलंत.

ऐंशी सालानंतर मी भोकं पाडून आकडे भरलेल्या पंचकार्डांचे गठ्ठे घेऊन कॉम्प्युटरपुढे नंबर लावायचो. एका रेणूचं उत्तर प्रयोगातल्या आकड्याशी काही केल्या जुळेना. वर्ष वाया चाललं होतं, बढती अडली होती. शेवटी गठ्ठ्यातलं एक कार्ड काढलं, हवं ते उत्तर येईल असा आकडा घालून नवं खोचलं. जुळलं की! त्या एका लेखावर खुर्ची, पदकं, परदेशवाऱ्या. निर्लज्जासारखा तो लेख तुम्हालाही पाठवला. तुमचं पोस्टकार्ड आलं, दोनच ओळी. "लय नेमकं आलं रे. पानी कुठचं आहे?" मी उत्तर दिलं नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात.

त्या बदललेल्या पंचकार्डाचं कबूल करायलाच आज बसलो होतो. पण तुम्ही असता तरी हे पत्र टाकायची माझी छाती झाली नसती, कारण घाण त्याच्याही आधीची आहे. त्या दिवशी मी पूल ओलांडलाच नव्हता, सर. बाटली कॉलेजमागच्या विहिरीवर भरली, तासभर सावलीत बसलो, आणि घाम वाटावा म्हणून तेच पाणी तोंडावर मारलं.