भरवशाचा खांदा

प्रिय एमेट,

घाईत लिहितोय, अक्षराकडे बघू नकोस. काल दुपारी जे झालं त्याने सुन्न झालोय. दोनदा फोन उचलला आणि ठेवला.

काल आमच्या फुटबॉल संघाला चेंडू फेकणारा नवा क्वार्टरबॅक निवडायचा होता. फळ्यावर दोनच नावं उरली होती. एक प्रुइट, चार वर्षं न चुकता खेळलेला. चेंडू जवळच टाकतो, पण घोटाळा नाही. रोजच्या जेवणातल्या मीटलोफसारखा, कुणी नावं ठेवत नाही, कुणी दुसऱ्यांदा मागतही नाही. दुसरा हॉस्टेटलर, लहानशा कॉलेजातला. जेमतेम अकरा सामने, पण चेंडू सोडला की वाटतं आता नदीपलीकडेच पडणार. चुकतो तोही घसघशीत. आमच्याकडे रीत आहे, वेळ संपायच्या आत खेळाडू हेरणाऱ्या प्रत्येक पारख्याने उठून, ज्याच्यासाठी शब्द टाकायचा त्याच्या नावाच्या पट्टीवर हात ठेवायचा. तेहेतीस वर्षं मी भरवशाच्या पट्टीवरच हात ठेवत आलो. ताकही फुंकून पिणारा माणूस मी. काल मात्र उठलो आणि हॉस्टेटलरवर हात ठेवला.

आमचे मॅनेजर टिबेट्ससाहेब म्हणाले, "हारलन, तब्येत बरी आहे ना?" सगळे हसले, मीही हसलो. मग कोपऱ्यातून वेड गॅरिक बोलला. हाच तो प्रशिक्षक, ज्याच्या कॉलेजच्या पत्राची तू सतराव्या वर्षी वाट बघत होतास. यंदा आमच्याकडे सल्लागार म्हणून आलाय. "वा रे म्हातारबा! परक्याच्या पोरावर जुगार? स्वतःच्या पोराच्या वेळी मला फोनवर काय म्हणालास? 'खांदा भरवशाचा नाही, दुसरा बघ.' मी तर त्याला घेणारच होतो!"

तो चेष्टेने बोलला रे. त्याला वाटलं, तुला कधीचंच ठाऊक असेल. खोलीतल्या वीस माणसांनी ते ऐकलं. माझा हात पट्टीवर तसाच चिकटून राहिला.

फेब्रुवारीतला तो बुधवार आठवतो? शाळेच्या जिममध्ये लांब टेबल, त्यावर कॉलेजांच्या टोप्या. तुझे सोबती कॉलेजच्या संघांत जायच्या करारांवर सह्या करत होते आणि तू मागे उभा राहून टाळ्या वाजवत होतास. नंतर मी तुला बटाट्याचं सारण भरलेल्या पिएरोगी खायला नेलं. तू विचारलंस, "बाबा, मी तेवढा चांगला नव्हतो का?" मी म्हणालो, "नशीब असतं रे एकेकाचं," आणि माझ्या ताटातल्या दोन तुझ्या ताटात वाढल्या. त्या दिवसापासून तू चेंडूला हात लावला नाहीस. आज तू ईरी शहरात लोकांच्या घरं तापवायच्या भट्ट्या दुरुस्त करतोस, आणि तुझी लेक टेस अंगणात चेंडू घेऊन आली की खिशात हात घालून उभा राहतोस. ते बघून मी दर वेळी कॉफीच्या निमित्ताने आत जातो.

तुझी आई आदल्याच उन्हाळ्यात गेली होती. घरात तू एवढाच उरला होतास. दर शनिवारी सामन्यात तुला कुणीतरी जमिनीवर आपटतंय, हे बघायची माझ्यात ताकद नव्हती. हे कारण झालं, माफी नव्हे.

शेवटी त्यांनी हॉस्टेटलरलाच घेतलं. पण त्यासाठी हे पत्र नाही. कालच्या खोलीत तुझ्या वर्गातला बडी क्रिंजल होता, आमचे कॅमेरे सांभाळतो. त्याची आई तुझ्याच गल्लीत राहते. तिच्या तोंडून कळण्याआधी माझ्या हातून कळावं, म्हणून लिहितोय. आणि एक गोष्ट गॅरिकलाही ठाऊक नाही. त्याचा फोन आला जानेवारीच्या अखेरीस. त्या हंगामात दुखावलेल्या तुझ्या खांद्याबद्दल मी तेव्हा तुला सांगत होतो, डॉक्टर अजून बघू म्हणतायत. सोबत त्यांची चिठ्ठी ठेवली आहे, बावीस वर्षं माझ्या कपाटात होती. खांदा पूर्ण बरा, खेळायला हरकत नाही, असं लिहिलंय. तारीख नऊ जानेवारी.

तुझाच, अजून म्हणू देशील तर,
बाबा