ताईच्या बोटांचं डॉक्टरांना सांगितलं

ताई,

तुझा आत्ता कुठे डोळा लागलाय, म्हणून उठवत नाही. एका ठिकाणी नळाची गळती काढायला जातोय, जेवायला घरी येईन.

काल माझ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी झाली. तुला तिथेच कॅन्सर निघाला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते ना, भावानेही दाखवून घ्यावं. तू घोर लावून घेतला असतास, म्हणून बोललो नाही. भूल नको म्हटलं, कारण मला बघायचं होतं. जन्म पाइपांत डोकं घालण्यात गेला, पण स्वतःच्या आतला पाइप पहिल्यांदाच पाहिला. गुलाबी, ओला, चक्क देखणा आहे. एका वळणावर वाटाण्याएवढा कोंब होता. तारेचा फास टाकून त्यांनी तो तिथल्या तिथे काढला. पुढेमागे त्याचा कॅन्सर होऊ शकला असता म्हणे. तू आजारी नसतीस, तर मी तिकडे फिरकलोही नसतो.

तुझ्या डॉक्टरांशी तुझ्या बोटांचंही बोललो. रागाव हवं तर. बोटं बधिर झाली, सुई धरवत नाही, म्हणून तू पुढची केमो नको म्हणतेस, पण हे त्यांना सांगितलंच नव्हतंस. त्यांच्या मते तो त्रास एकाच औषधाचा आहे. ते कमी करता येतं, किंवा थांबवून बाकीची चालू ठेवता येतात. दुपारी ते फोन करतील. नको असेल तर त्यांनाच सांग, पण आधी ऐकून घे.

फ्रिजला हात लावू नकोस, त्या औषधामुळे गार लागलं की बोटांना जास्त त्रास होतो. कोमट पाणी थर्मासमध्ये आहे.

एक मात्र कळत नाही. तो कोंब मला कधीच जाणवला नाही. तुला आधी काही जाणवत होतं का गं? आल्यावर सांग.

धाकटा