साल नसलेले वचन

ती. विश्वेशमामांच्या चरणी,

भाची संचिताचा वाकून नमस्कार. माई (तुमची ताई) खुशाल आहे. तुमच्या गुडघ्याची चौकशी ती रोज करते, पण माझ्यापाशी, त्यामुळे तिला उत्तर मिळत नाही. आज ती चौकशी योग्य पत्त्यावर पाठवीत आहे.

मामा, एक कोडे तुमच्याही नजरेस आले असेल. मोठ्या कंपन्या नदी, हवा, झाडे यांविषयी जी वचने देतात, ती नेहमी शून्याने किंवा पाचाने संपणाऱ्या एखाद्या दूरच्या सालासाठीच का असतात? 'येत्या मंगळवारपासून' असे कोणी का म्हणत नाही? कॉलेजात वाणिज्य शिकवताना मी याचे उत्तर फळ्यावर लिहीत असे: ध्येय दूरचे, वाटचाल टप्प्याटप्प्याने. ते चूक नाही, पण अपुरे आहे, हे मला कट्टा गावाजवळच्या आपल्या कोकम सरबताच्या कारखान्यात उमगले.

तुम्ही मोठ्या प्रेमाने लिहून दिलेले 'शाश्वततेचे धोरण' मी कार्यालयात चौकटीत लावले होते. '२०३५ पर्यंत कारखान्याचे सांडपाणी ओढ्यात जाणार नाही' हे त्यातले माझे आवडते वाक्य. (दुपारी डोळा लागला की मला ते साल दिसे: ओढा स्वच्छ, आणि मी पांढऱ्या केसांची, काठावर बसलेली.) हंगामाच्या आरंभी सर्वांच्या वतीने देवाला गाऱ्हाणे घालायचे होते. ते घालण्याचा मान गावातल्या वयोवृद्ध भाईंचा. मी हौसेने ते वाक्य त्यांना वाचून दाखवले. भाईंनी नारळ हातात घेतला आणि खणखणीत आवाजात म्हटले, "बा देवा म्हाराजा, ह्या कारखान्याचा लाल पाणी व्हाळात जावचा नाय, म्हाराजा." सगळ्या कामगारांनी "होय म्हाराजा" म्हटले. मीही म्हटले, लयच तशी असते.

नंतर मी हळूच विचारले, "भाई, साल राहिलं ना सांगायचं?"

"देवाक साल सांगूचा नसता गो बाय. तेच्याकडे खंय कॅलेंडर आसा?"

दुसऱ्या दिवशी फळे धुऊन झाली आणि धुण्याच्या टाकीपाशी सावित्री, आमची मुकादम, पदर खोचून उभी. "ताई, काल होय म्हाराजा म्हटला. आता ह्या पाणी मी व्हाळात सोडूचंय नाय. तुम्ही सोडा, माझी हरकत नाय." माझा हात नळापर्यंत गेला आणि (शिक्षण कितीही असो) तिथूनच परत आला. टाकी भरलेली, बाहेर रातांब्याच्या न धुतलेल्या फळांचे ढीग पिकत चाललेले. दोन दिवसांत त्यांना आंबूस वास आला असता आणि वर्षाचा हंगाम गेला असता. मी भाईंकडे धावले, दुरुस्तीची विनंती केली. ते सुपारी कातरीत म्हणाले, "देवाक सांगलेला परत घेवक ती काय एस्टीची सीट? रुमाल टाकलो नि उचललो."

मग मी बसून विचार केला. धोरणात दहा वर्षे होती म्हणून जो विचार मी कधी केलाच नव्हता, तो करायला आता एक संध्याकाळ होती. शेवटच्या धुण्याचे पाणी जवळजवळ स्वच्छच असते. तेच दुसऱ्या दिवशी पहिल्या धुण्याला का वापरू नये? वापरले. पाणी निम्म्याहून कमी झाले. उरलेल्यातले थोडे लाल, आंबट पाणी, टाकीत जागा नाही म्हणून, माईने आपल्या न्हाणीतल्या तांब्याच्या हंड्यात भरून ठेवले होते. सकाळी ते उपसले तर हंडा आतून लखलखीत. बातमी पसरली. बायका घागरी, समया, तबके घेऊन रांगेने आल्या. आंबट पाण्याने भांडी घासायची, मग त्या पाण्यात चुलीची राख मिसळली की आंबटपणा मरतो, आणि ते पाणी माडाच्या आळ्यात. काही फळे वाया गेली हे खरे, पण हंगाम वाचला.

आता दुपारी कुंपणाच्या वईवर सुकत घातलेली भांडी दिसतात, जणू प्रत्येक घराने आपापला सूर्य वाळत घातला आहे. ओढ्यात पाय सोडून बसले की तळचे खडे मोजता येतात, आणि बारीक मासे माझ्या बोटांना काही विचारून जातात. २०३५ आले की काय, असे वाटते. केस मात्र अजून काळे आहेत.

तुमची,
संचिता

ता. क. भाई इतके प्रसन्न झाले की त्यांनी धोरणाचे पुढचे पानही मागून घेतले. त्यात तुम्ही लिहिले आहे की २०४० पर्यंत 'मार्गदर्शक (म्हणजे तुम्हीच) स्वतः गावाच्या विहिरीचा गाळ काढण्यात सहभागी होतील'. साल अर्थातच गळले. "हिचो मामा येतलो नि बावीत उतारतलो, म्हाराजा." सगळ्यांनी "होय म्हाराजा" म्हटले, माईने सर्वांत मोठ्याने. तेव्हा मिरगाच्या पावसाआधीचे तिकीट काढावे, ही या पत्रामागची खरी विनंती. गुडघ्याचे मी भाईंना सांगितले. ते म्हणाले, दोर मजबूत आसा.

ता. क. २. यापुढे कोणतेही वचन लिहिलेत, तर एक सोपी परीक्षा घ्या. त्यातले साल खोडा आणि उरलेले वाक्य घरच्या माणसांसमोर उभे राहून मोठ्याने वाचा. आवाज खाली आला, तर ते वचन अजून तुमचे झालेले नाही.