शेंदराचा हात

मळ्यातून, ता. चाळीसगाव
२७ मार्च २०२५

चि. सौ. चारुलतास, आबांचे पोटभर आशीर्वाद.

फोनवर तुझं अर्धं मला ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तुझी आई ऐकू देत नाही, म्हणून पत्र.

नव्या विहिरीवर सोलरच्या प्लेटा बसल्या एकदाच्या! ललितरावांच्याच कंपनीने बसवल्या. मुलं फार घाईत होती. मार्च संपायच्या आत जिल्ह्याचं लक्ष्य गाठलं नाही तर सरकारचा निधी परत जातो म्हणे. पंप मागून येतोय असं सांगून मला प्लेटांशेजारी उभं केलं, फोटो काढला आणि पंप चालू आहे, पाणी पडतंय, अशा कागदावर सही घेतली. पंपच नाही तर सही कसली, असं मी म्हणालो, पण मनातल्या मनात. जावयाच्या कंपनीला सासऱ्याने जाब विचारायचा, हे आपल्यात शोभत नाही.

तुझी आई तेलात शेंदूर कालवून घेऊन आली. समोरून हात लावला तर ऊन अडेल, म्हणून पोरं ओरडली. मग तिने प्लेटेच्या मागच्या पांढऱ्या बाजूला हात उमटवला. मधलं बोट अर्धंच उमटलं; कडबाकुट्टीच्या यंत्रात गेलेलं बोट कुठून आणणार? नारळ मात्र पोरांनीच खाल्ला.

लोभ आहेच, येणंजाणंही असू दे.
तुझा आबा (रतिलाल)

धुळे
५ एप्रिल

तीर्थरूप आबांस, चारुलताचा शि. सा. नमस्कार.

पत्र वाचून इतकं हसले की ह्यांना वाटलं मला काही झालं. आईला सांगा, पुढच्या वेळी नारळ पदराखाली ठेव.

ह्यांचं विचाराल तर घरात फक्त आंघोळीला येतात. तुमच्या आणि आमच्या, दोन्ही जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांचे फोटो गोळा करून वर पाठवायचं काम ह्यांच्याकडेच आहे. जिल्हा पहिला आला, साहेबांनी पाठ थोपटली, तेव्हापासून अंगावर मूठभर मांस चढलंय. पंपाचं विचारलं तर म्हणाले, येईल, माझ्या सासऱ्यांचा काय अडेल? तुम्ही उगाच संकोच करता, आबा. जावई म्हणजे काय देव्हाऱ्यातला देव आहे का?

आईची माया आणि तुमचा राग, दोन्ही मला पाठवत राहा.
तुमची चारु

मळ्यातून
२३ एप्रिल

चि. सौ. चारुलतास, आशीर्वाद.

पंप आला नाही. उलट प्लेटा गेल्या! मागच्या आठवड्यात तीच मुलं आली, सांगाडा बदलायचा आहे म्हणाली आणि बठ्ठं सामान उचलून टेंपोत घालून घेऊन गेली. आता नुसते खांब उभे आहेत, त्यांवर कावळे बसतात.

विहिरीत वाकून पाहिलं की पाणी दिसतं, वर मात्र थेंब येत नाही. आजवर शेजारच्या उखर्डूच्या विहिरीवरून पाणी घेत होतो, तीही तळाला गेली. भाड्याचं डिझेल इंजिन आणलं, ते धूर सोडून बसलं. ऐन घड भरायच्या दिवसांत केळी माना टाकताहेत. विजेच्या जोडणीसाठी गेलो तर साहेब म्हणतो, तुमच्या नावावर सौरपंप चालू आहे, जोडणी मिळणार नाही. तक्रारीच्या नंबरावरची बाई म्हणते, तुमचं पाणी पडतंय, तुमची सही आहे. माझं पाणी पडतंय ते डोळ्यांतून, असं तिला सांगावंसं वाटलं. चीड येते गं. ओरडायचं तरी कोणावर?

ललितरावांना यातलं काही बोलू नकोस. तुझ्या संसारात आमच्या विहिरीचा वाद नको.

तुझ्यावरचा लोभ उन्हाने आटणारा नव्हे.
आबा

धुळे
२ मे

तीर्थरूप आबांस, सा. न. वि. वि.

ह्यांच्याशी बोलले. तुमची आज्ञा मोडली, पण कारण ऐका.

काल शिंदखेड्याकडच्या एका गावात लक्ष्य पूर्ण झाल्याचा कार्यक्रम होता. हे मला मिरवायला घेऊन गेले. रुपचंद नावाच्या शेतकऱ्याच्या विहिरीवर फीत कापायची होती. ऊन मी म्हणत होतं, म्हणून आम्ही बायका प्लेटांच्या सावलीत बसलो. मी सहज वर पाहिलं. डोक्यावर माझ्या आईचा हात होता. शेंदराचा, मधलं बोट अर्धं. आबा, तो हात मी हजारात ओळखेन, त्याच हाताने मला न्हाऊ घातलंय.

रुपचंदभाऊंना विचारलं. त्यांचाही पंप मागूनच येणार आहे, त्यांनीही सही केली आहे. तिकडे टाळ्या वाजत होत्या. घरी येऊन मी ह्यांना विचारलं. आधी म्हणाले, वरून दबाव असतो, तुला नाही कळायचं. मग कबूल केलं की प्लेटा कमी आणि मार्चमध्येच वर कळवलेला आकडा मोठा, म्हणून त्याच प्लेटा गावोगाव फिरवून फोटो काढले. तुमचा फोटो ह्यांनी स्वतः वर पाठवला. मी म्हटलं, माझ्या आईचा हात उचलून नेलात तुम्ही. तेव्हापासून आमच्यात अबोला आहे.

तुम्ही जावयाच्या नावासकट तक्रार लिहा. तुम्ही नाही लिहिली तर मी लिहीन.

माझ्यावर रागावलात तरी चालेल, पण परकी समजू नका.
चारु

मळ्यातून
१६ मे

चि. सौ. चारुलतास, तुझ्या आईचे व माझे आशीर्वाद.

तक्रार लिहायला बसलो होतो. जावयाचं नाव कागदावर उतरेना, तेवढ्यात जावईच टेंपोतून उतरले. सोबत पंप आणि प्लेटा. हे सगळं कुठल्या तिसऱ्याचं उचलून आणलंत का, असं मी विचारलं. या वेळी तोंडाने विचारलं. मान खाली घालून म्हणाले, गोदामातलं आहे, मी फोटो पाठवणं बंद केलं तेव्हा कुठे साहेबांनी माल सोडला. रुपचंदचा पंप कालच बसवून आलो म्हणाले.

अर्धी बाग गेली, चारु. करपलेले घड कापून बांधावर टाकलेत, गुरंही तोंड लावत नाहीत. सरकारदरबारी मात्र आपली केळी मार्चपासून पाणी पितेय.

प्लेटा बसल्यावर त्यांनी तुझ्या आईपुढे शेंदराची वाटी धरली. तिने हात मागे घेतला. पानी कोठे शे, एवढंच विचारलं. बटण दाबलं, पाइप खोकला आणि पाणी पाटात पडलं. मी चपला काढून पाटात पाय बुडवले.

मग तुझी आई उठली. तुझ्या लग्नापासून जिने जावयासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, तिने त्यांचं मनगट धरलं, हात वाटीत बुडवला आणि प्लेटेच्या मागे दाबला. आता ही प्लेट जिथे जाईल तिथे तुमचा हात जाईल, म्हणाली.

ते हात धुवायला घराकडे निघाले, तर तिने त्यांना पाटाकडे पाठवलं. बराच वेळ धूत होते.

अबोला सोड. घरी आले की आधी त्यांना पाणी दे.

आबा